परदेशी परवाना घेऊन लातूरमधून ऑनलाइन बेटिंगचा व्यवसाय करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर येथील एका तरुण संगणक अभियंत्याला रमी, तीन पत्ती आणि क्रिकेटवरील बेटिंग अशी तिन्ही अंगे असलेले संकेतस्थळ सुरू करायचे आहे. बार्शी रोडकडील प्लॉट विकून आलेली रक्कम हाताशी आहे. पुण्यातील एका एजंटाने क्युरासाओ या बेटाचा परवाना, परदेशातील सर्व्हर, तयार सॉफ्टवेअर आणि पैसे स्वीकारण्यासाठी बँक खाती असे सगळे एकाच रकमेत देऊ केले आहे. संचालक म्हणून थोरले काका आणि दाजी यांची नावे घालावीत, म्हणजे मूळ मालकाचे नाव कागदावर येणार नाही, असाही त्याचा सल्ला आहे. परवान्याचा नमुना म्हणून त्याने एक प्रमाणपत्र पाठवले आहे. परवान्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील, किती दिवस लागतील आणि परवाना हाती आल्यावर महाराष्ट्रातील ग्राहकांकडून पैसे घेता येतील का, अशी विचारणा आहे.

छत्रपती संभाजीनगर येथे कंपनी कायदा, परकीय चलन आणि कर या विषयांत अनेक वर्षे काम करत असल्यामुळे अशा फायली माझ्याकडे येत असतात, आणि त्यांतल्या बहुतेक पैसे देऊन झाल्यावर येतात. आपण आधी विचारले हे फार बरे केले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे प्रश्न त्यावरच अवलंबून आहेत. भारतातील खेळाडूंकडून पैसे घेऊन असा खेळ चालवण्याचा परवाना आज भारतात कोणतेही कार्यालय देत नाही, आणि परदेशातील कोणताही परवाना ती उणीव भरून काढू शकत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, भारतात राहणारी व्यक्ती म्हणून परदेशात जुगाराची कंपनी काढण्याची किंवा तिच्यात भांडवल घालण्याची मुभाही आपल्याला नाही. एजंट यातील एकही गोष्ट सांगत नाही, कारण त्याचा व्यवसाय प्रमाणपत्र विकण्यापर्यंतच आहे.

सध्याच्या स्थितीचे मूळ केंद्राच्या कायद्यात आहे. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा अधिनियम संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यात ‘ऑनलाइन मनी गेम’ची व्याख्या जाणीवपूर्वक रुंद ठेवलेली आहे: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोहोंचा मिळून असो, खेळणाऱ्याने फी भरली, पैसे जमा केले किंवा पैशांसारखे दुसरे काही पणाला लावले आणि त्या बदल्यात पैशांचा अथवा इतर लाभाचा मोबदला मिळण्याची अपेक्षा ठेवली, की तो खेळ या व्याख्येत आला. कॉइन, टोकन, क्रेडिट अशी नावे देऊनही सुटका नाही, कारण पैशांत रूपांतर होऊ शकणाऱ्या अशा वस्तूंचा उल्लेखही कायद्यात आहे. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, तर पैशांची देवघेव करून देणाऱ्या बँकेला किंवा पेमेंट कंपनीला खेळ चालवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. दुसऱ्यांदा गुन्हा सिद्ध झाला, तर खेळ चालवणाऱ्यासाठी किमान कैदच तीन वर्षांची होते. खेळ चालवणे आणि पैशांची देवघेव करून देणे हे दोन्ही गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत. खेळणाऱ्या व्यक्तीला मात्र या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. सगळा रोख चालवणाऱ्यावर, जाहिरात करणाऱ्यावर आणि पैसे फिरवणाऱ्यावर आहे.

सर्व्हर भारताबाहेर ठेवण्याची कल्पनाही येथेच निकालात निघते, कारण भारतात दिली जाणारी सेवा भारताबाहेरून चालवलेली असली तरी हा कायदा तिला लागू होतो. आपल्या बाबतीत तर सर्व्हर तेवढा बाहेर असणार. चालवणारे आपण लातुरात, पैसे भरणारा ग्राहक उदगीर, परळी किंवा हिंगोलीत, आणि पैसे जमा होणारे खाते इथल्याच एखाद्या शाखेत.

रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, मग तिला बंदी कशी, असे आपण लिहिले आहे. हा मुद्दा बिनबुडाचा नाही. १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार मानता येत नाही, म्हणून त्याला व्यवसाय स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले. त्याच वेळी ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती वेगळी धरली. पुढे आंध्र प्रदेशातून आलेल्या सत्यनारायण प्रकरणात रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले गेले, आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबाबतही तसाच निर्णय आला. आपल्याकडील १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्येही केवळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. ऑनलाइन रमीचा सगळा उद्योग याच निर्णयांच्या आधारावर उभा राहिला होता. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच काढून टाकला. त्यामुळे ड्रीम ११ सारख्या मोठ्या कंपन्यांनीही, हाताशी नामांकित वकिलांच्या फौजा असताना, ऑगस्ट २०२५ मध्येच पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका विविध उच्च न्यायालयांत दाखल झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतःकडे घेतल्या. परंतु दुसऱ्याची याचिका म्हणजे आपल्याला मिळालेला परवाना नव्हे, आणि कायदा रद्द होईल या भरवशावर प्लॉटचे पैसे गुंतवणे हाच एक सट्टा ठरेल. तीन पत्ती आणि क्रिकेटवरील बेटिंग यांना तर जुन्या निर्णयांचाही आधार कधी नव्हता.

राज्यांच्या परवान्यांविषयीही बराच गैरसमज आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्य सूचीत, ३४ व्या नोंदीत आहे. त्यामुळे काही राज्यांनी आपापले कायदे केले. सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण नंतर तो राज्याच्या हद्दीतील बंदिस्त संगणक जाळ्यापुरता मर्यादित ठेवला. नागालँडने कौशल्याच्या ऑनलाइन खेळांना परवाने देणारा कायदा केला. मेघालयाने २०२१ मध्ये केलेला कायदा पुढच्याच वर्षी मागे घेतला. गोव्यातील कॅसिनो ठरावीक जागेत, प्रत्यक्ष येणाऱ्या ग्राहकांसाठी चालतात आणि ती परवानगी ऑनलाइनसाठी नसते. आपल्या महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. पैज लावून घेण्याचा परवाना महाराष्ट्रात आज आहे तो मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरील घोड्यांच्या शर्यतींचा, १९१२ च्या कायद्याखालचा. नांदेडच्या पलीकडे देगलूर, बिलोली ओलांडले की तेलंगण लागते, आणि त्या राज्याने तर २०१७ मध्येच रमीसह पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. इंटरनेटवर जुने लेख वाचून ‘नागालँडचे लायसन्स काढू’ म्हणणारे आजही भेटतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून स्वयंनियामक संस्थांमार्फत खेळांना मान्यता देण्याची जी योजना आणली होती, तिच्यावर लिहिलेले लेखही अजून फिरत आहेत. त्या योजनेवर विसंबून आज काहीही करता येणार नाही.

आता परदेशी परवान्याकडे वळतो. परवाना ही काय वस्तू असते हे नीट कळले, तर एजंटाने पाठवलेला कागद किती पोकळ आहे हे आपोआप लक्षात येईल.

माल्टाचे उदाहरण घेऊ, कारण तेथील पद्धत पारदर्शक आहे. तेथे माल्टा गेमिंग ऑथॉरिटी ही नियामक संस्था २०१८ च्या गेमिंग कायद्याखाली परवाने देते. खेळाडूला थेट सेवा देणाऱ्याचा परवाना वेगळा आणि अशा चालकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा वेगळा. खेळांचेही चार प्रकार आहेत: खेळाडूने थेट चालकाविरुद्ध खेळायचे कॅसिनोचे खेळ, ठरलेल्या भावाने घेतली जाणारी बेटिंग, खेळाडूंनी आपसांत खेळायचे आणि चालकाने कमिशन घ्यायचे पोकरसारखे खेळ, आणि नियंत्रित कौशल्याचे खेळ. पहिल्या दोन प्रकारांसाठी किमान भरणा झालेले भागभांडवल एक लाख युरो, पुढच्या दोहोंसाठी चाळीस हजार युरो लागते. अर्जाची फी पाच हजार युरो आहे, परवान्याची वार्षिक फी साधारणपणे पंचवीस हजार युरो, आणि परवाना दहा वर्षांचा असतो. पण फी हा त्यातला सगळ्यात सोपा भाग झाला. खरी परीक्षा माणसांची असते. कंपनीमागचा प्रत्येक प्रत्यक्ष मालक कोण, त्याच्यावर गुन्हे आहेत का, आणि भांडवल कोठून आले, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. प्लॉट विकला असेल तर खरेदीखत, बँकेत आलेली रक्कम, त्यावर भरलेला कर, अशी साखळी अखंड दिसावी लागते. आपल्याकडे खरेदीखतावर दाखवलेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांत जे अंतर ठेवले जाते, तेवढ्यावरही अर्ज अडकू शकतो.

त्यानंतर व्यवसायाचा पुढील तीन वर्षांचा आराखडा, मनी लाँडरिंग रोखण्याची लेखी पद्धत आणि तिच्यासाठी जबाबदार अधिकारी, अनुपालन, वित्त, माहिती सुरक्षा अशा महत्त्वाच्या कामांसाठी नियामकाने मान्य केलेली माणसे, हे सगळे दाखवावे लागते. पत्ते पिसण्यासाठी किंवा चक्र फिरवण्यासाठी यादृच्छिक आकडे काढणाऱ्या प्रणालीची स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासणी होते. जीएलआय, आयटेक लॅब्स, ईकोग्रा ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. सुरू होण्यापूर्वी प्रणालीचे लेखापरीक्षण होते. खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे कंपनी बुडाली तरी खेळाडूची शिल्लक परत देता येते. खेळाडूचे वय आणि ओळख पडताळणे, त्याला स्वतःच्या जमा रकमेवर मर्यादा घालता येणे, ‘मला यापुढे खेळू देऊ नका’ असे त्याने म्हटले की त्याचे खाते बंद होणे, ही चालकाची बंधने आहेत. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायलाच बंदी आहे. आपल्या एजंटाच्या प्रस्तावात यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. खेळाडूचे पैसे वेगळे ठेवण्याची व्यवस्था कोठे आहे, एवढा एकच प्रश्न त्याला विचारून पाहावा.

ब्रिटनच्या कायद्यातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथे २००५ च्या कायद्याखाली गॅम्बलिंग कमिशन परवाने देते, आणि २०१४ मध्ये त्यात बदल करून असे ठरवले गेले की चालक जगात कोठेही असो, ब्रिटनमधील ग्राहक घ्यायचा असेल तर ब्रिटनचाच परवाना हवा. एका देशाने दिलेला परवाना दुसऱ्या देशातील ग्राहकाचे दार उघडत नाही, हे तत्त्व म्हणजे केवळ भारताचा हट्ट नाही. ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ हा एजंटांचा आवडता शब्दप्रयोग आहे, परंतु असा परवाना अस्तित्वातच नाही.

क्युरासाओबद्दल जे सांगितले जाते ते बव्हंशी जुन्या काळातले आहे. तेथे पूर्वी चार मुख्य परवानाधारक होते आणि ते स्वतःच्या परवान्याखाली इतरांना उपपरवाने देत असत. देखरेख तोकडी होती, म्हणून तो परवाना स्वस्त आणि झटपट मिळणारा म्हणून नावाजला. २४ डिसेंबर २०२४ पासून तेथे नवा कायदा लागू झाला, उपपरवान्यांची पद्धत मोडीत निघाली आणि परवाने थेट तेथील गेमिंग ऑथॉरिटी देऊ लागली. मालकांची चौकशी आणि भांडवलाचा स्रोत आता तेथेही पाहिला जातो.

आपण पाठवलेले प्रमाणपत्र या पार्श्वभूमीवर वाचले. वरच्या बाजूस सोनेरी शिक्का, मध्ये मोठ्या अक्षरांत परवाना हा शब्द, खाली सही. पण परवानाधारकाच्या रकान्यात ज्या कंपनीचे नाव आहे, ती एजंटाच्या पत्रात कोठेच नाही. क्रमांक जुन्या मुख्य परवान्याच्या धर्तीचा आहे, म्हणजे रद्द झालेल्या पद्धतीतला. ज्या संकेतस्थळासाठी परवाना दिला त्याचा रकाना कोरा आहे. अस्सल परवान्यावर मंजूर डोमेनची नोंद असते आणि संकेतस्थळावरील डिजिटल शिक्क्यावर क्लिक केले की नियामकाच्या स्वतःच्या पानावर ती नोंद उघडते. कोरा रकाना याचा अर्थ हाच कागद अनेकांना दाखवला जात आहे. मुदतीच्या जागी केवळ ‘वैध’ असे लिहिले आहे, तारीख नाही. असा कागद घेऊन कोणत्याही बँकेत गेलात, तर शाखाधिकारी तो बाजूला सारून पुढचा प्रश्न विचारील, आणि तो प्रश्न अडचणीचा असेल.

समजा, कागद अस्सल मिळाला. तरीही परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, आडवा येतोच, आणि हा मुद्दा एजंट तर सोडाच, काही सल्लागारही विसरतात. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला कोणत्याही स्वरूपाच्या जुगारात गुंतलेल्या परदेशी कंपनीत थेट गुंतवणूक करता येत नाही. दरवर्षी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवण्याची जी उदारीकृत सोय आहे, तिच्याखाली ‘सॉफ्टवेअर खरेदी’ किंवा ‘सल्ला शुल्क’ असे कारण लिहून पैसे पाठवा, असे सुचवले जाते. पैसे पाठवताना भरलेल्या अर्जावर आपली सही असते आणि खोटे कारण लिहिल्याची जबाबदारीही आपलीच राहते. फेमाच्या उल्लंघनात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. उलट दिशेनेही वाट बंद आहे, कारण जुगार आणि पैज या क्षेत्रांत परदेशी थेट गुंतवणुकीलाही मनाई आहे. दुबईतील कोणी भागीदार तुमच्या भारतीय कंपनीत पैसे घालील, हे आश्वासनही त्यामुळे फोल आहे.

या प्रस्तावातील मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ‘पैसे स्वीकारण्यासाठी खाती’. ती कोणाची असतात हे आपण विचारले का? मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत खाते किरायाने देण्याचा प्रकार बोकाळला आहे. महाविद्यालयात शिकणारा मुलगा, ऊसतोडीहून आलेला मजूर, छोटा किराणा दुकानदार यांच्याकडून पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेले सिमकार्ड महिन्याच्या ठरावीक रकमेवर घेतले जाते. एका विद्यार्थ्याचे खाते उतारे पाहण्याचे काम माझ्याकडे आले होते. आधीच्या पानांवर शिष्यवृत्तीची रक्कम, मेसचे बिल, वडिलांनी पाठवलेले हजार-दोन हजार अशा नोंदी होत्या. मग एका तारखेपासून रात्रभर, दर दोन-तीन मिनिटांनी, पाचशे, हजार, दोन हजार अशा यूपीआयने आलेल्या रकमा आणि पहाटे सगळी शिल्लक एका झटक्यात तिसऱ्याच खात्यात गेलेली. तो मुलगा स्वतः एक पत्ताही खेळलेला नव्हता. दुसऱ्या राज्यातील कोणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, खाते गोठवले गेले आणि शिष्यवृत्तीचे पैसेही त्यातच अडकले. परराज्यातील पोलीस ठाण्यात जाऊन खुलासा करण्याची वेळ त्याच्या वडिलांवर आली. आपले संकेतस्थळ चालवायचे तर अशी खाती सतत लागतील, एक गोठले की दुसरे, आणि प्रत्येक खात्यामागे असाच एखादा मुलगा असेल. हे टाळून हा धंदा चालवण्याची वाट नाही, कारण बँकांना आणि पेमेंट कंपन्यांना या व्यवहारांची कायद्यानेच मनाई आहे.

गुन्हा नोंदवताना तो एकाच कलमाखाली राहील असेही समजू नये. तिर्रट खेळताना धाड पडली किंवा मटक्याच्या चिठ्ठ्या सापडल्या की जुगार कायद्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा नोंदवला जातो आणि काही तासांत मंडळी घरी परततात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यावरून ऑनलाइनचेही तेवढेच, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. वर सांगितलेल्या केंद्राच्या कायद्याखाली खेळ चालवण्याचा गुन्हा अजामीनपात्र आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांत अनधिकृत पैज आणि जुगार यांचा नावानिशी समावेश असून, त्याला एक ते सात वर्षांची शिक्षा आहे. खेळाडूने फसवणुकीची तक्रार दिली, तर मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा आणि त्यामागून सक्तवसुली संचालनालय येण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि मग जप्ती केवळ खात्यावर थांबत नाही, घर-शेतापर्यंत जाऊ शकते.

म्हणूनच काका आणि दाजी यांच्या नावांचा विचार मनातून काढून टाकावा, असे मी कळकळीने सांगतो. कंपनीने गुन्हा केला, तर त्या वेळी कंपनीच्या कारभारास जबाबदार असणारे संचालक आणि अधिकारी दोषी धरले जातात, आणि आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच येतो. डिजिटल सही कोणाच्या नावाची, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर आला, बँकेच्या अर्जावरचा फोटो कोणाचा, एवढ्यावर पहिली अटक ठरते. काकांनी आयुष्यभर जपलेली शेती आणि बहिणीचा संसार या दोन्ही गोष्टी अशा कागदावर तारण ठेवल्यासारख्या होतात. आणि मूळ मालक यातून सुटतो, हेही खरे नाही. सर्व्हरचे लॉग आणि मोबाइलमधील संभाषणे त्याच्यापर्यंत पोहोचतात.

गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक आणि कंपनी नोंदणी झाली की धंदा अधिकृत झाला, असेही एजंटाने सांगितले आहे. या नोंदण्या कोणत्याही दुकानाला किंवा कंपनीला मिळतात आणि त्यांतील एकही बंदी असलेल्या कामाला परवानगी देत नाही. कराचेही तसेच. ऑनलाइन मनी गेमिंगवर ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लावला गेला, जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के आयकर आहे. पण कर आकारला म्हणून व्यवसाय वैध ठरत नाही, आणि इतर कायद्यांतील बंदीला बाधा येणार नाही, असे २०२३ च्या जीएसटी दुरुस्तीतच नमूद केलेले आहे.

आता आपले कौशल्य आणि भांडवल कोठे लावता येईल, याविषयी. याच कायद्याने दोन प्रकारांना वाट मोकळी ठेवली आहे. पहिला ई-स्पोर्ट्सचा: निकाल शारीरिक चपळता, बुद्धी आणि डावपेच यांवरच ठरेल, मान्यता आणि नोंदणी रीतसर असेल, तर अशा स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा आयोजनाच्या खर्चासाठी नोंदणी फी घेता येते आणि कामगिरीनुसार बक्षीसही देता येते. मात्र त्यावर कोणी पैज लावू शकत नाही. दुसरा ऑनलाइन सोशल गेम्सचा: मनोरंजन किंवा शिक्षणासाठीचा खेळ, ज्यात काही पणाला लावले जात नाही आणि जिंकून पैसेही मिळत नाहीत, त्यासाठी वर्गणी किंवा एकदाच प्रवेश फी घेण्यास हरकत नाही, जोपर्यंत ती डावाची रक्कम होत नाही. रमी पैशांशिवाय, केवळ गुणांवर, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालवता येईल. पण गुण विकत घेऊन पुन्हा रोखीत बदलण्याची खिडकी कोठेही ठेवली, तर आपण पुन्हा बंदीच्या आत आलात. व्हॉट्सअॅपवरून परस्पर हिशेब करणारी ‘आयडी’ची पद्धत ही अशीच खिडकी आहे.

माल्टा किंवा ब्रिटनमधील परवानाधारक कंपनीला भारतातून सॉफ्टवेअर लिहून देता येईल का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो आपल्या मनात येणार हे उघड आहे. भारतात उपलब्ध नसलेल्या खेळासाठी निव्वळ संगणकीय काम आणि खेळ चालवण्यास साहाय्य, यांच्यातील रेषा बारीक आहे, कारण कायदा चालवण्यास मदत करणाऱ्यालाही धरतो. असे काम हाती घ्यायचेच असेल, तर कराराचा मसुदा दाखवून त्या करारापुरते वकिलाचे लेखी मत आधी घ्यावे. भारतातील खेळाडूंना तांत्रिकदृष्ट्या प्रवेश बंद असल्याची अट करारात असावी, आणि ग्राहक सेवा, खाती सांभाळणे किंवा पैसे वळवणे यांपैकी कोणतेही काम स्वीकारू नये. माझा स्वतःचा कल नकाराकडे आहे. लातुरात शिकवणी वर्गांसाठी, हातात मोबाइल असलेल्या हजारो विद्यार्थ्यांसाठी सरावाचे खेळ आणि चाचण्या बनवण्याचे काम आपल्यासारख्या अभियंत्याला दारातच उपलब्ध आहे, हे मी दिलासा म्हणून लिहीत नाही. तेथे मागणी आहे आणि पैसे देणारा ग्राहकही आहे.

आपण एजंटाला काही रक्कम दिली आहे की नाही, हे पत्रावरून स्पष्ट होत नाही. दिली नसेल तर देऊ नये, आणि आधार, पॅन किंवा डिजिटल सहीचे टोकन पाठवले असेल तर आजच पावले उचलावीत: डिजिटल सही देणाऱ्या संस्थेला कळवून ती रद्द करून घ्यावी, आणि कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या, काकांच्या व दाजींच्या नावाने एखादी कंपनी नोंदवली गेली आहे का हे पाहावे. रक्कम दिली असेल, तर व्हॉट्सअॅपवरील सर्व संभाषण, यूपीआयच्या पावत्या आणि ते प्रमाणपत्र जपून ठेवावे, काहीही खोडू नये, नोंदणीकृत डाकेने व्यवहार रद्द केल्याचे पत्र पाठवावे आणि १९३० वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. कोणाच्या नावाने नवे चालू खाते उघडले असल्यास शाखेत स्वतः जाऊन ते लेखी अर्जाने बंद करावे आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परतू नये.